आई सिरियस

फुलांचं वजन वाटेत कमी होतं, हे रंगुबाईला लग्न होऊन यवतला आल्यावर कळलं. संध्याकाळी वस्तीवर ताजव्यात घातलेली शेवंती टेंपोतून पुण्याच्या मार्केटला जायची आणि दुसऱ्या दिवशी तिकडून येणाऱ्या चिठ्ठीवरचा आकडा नेहमी खालचा असायचा. नवरा दगडोबा म्हणायचा, "दव सुकतं. पाकळीतलं पाणी जातं." रंगुबाई मान हलवायची. पाणी जात असेल. पण पाणी किती जातं आणि माणसं किती नेतात, हे तिला कुणी कधी नीट सांगितलं नाही. वर्षानुवर्षं ती त्या घटलेल्या वजनाकडे बघत राहिली आणि हळूहळू तिला ते सगळीकडेच दिसायला लागलं. माहेराहून, भीमेकाठच्या वडगाव रासाईहून, भाऊ भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला की ती आधी पोतं हातानं उचलून बघायची. जाऊ गोड बोलली की ते बोलणंही तसंच उचलून बघायची. ती भांडकुदळ नव्हती. कुणाला काही विचारायचीसुद्धा नाही. मनातल्या मनात तोलायची, आणि प्रत्येक वेळी काहीतरी कमी भरायचं.

अशा बाईचा मुलगा अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात फौजेत गेला.

मुलाचं नाव सुदर्शन. त्याच्या पाठची ज्ञानेश्वरी, ती शाळेत होती. सुदर्शन आणि त्याचा दोस्त आरिफ वर्षभर पहाटे कालव्याच्या भरावावरून पळायचे. शेवंती तोडायला वाकलेली रंगुबाई मान वर करून बघायची तेव्हा धुक्यातून आधी आरिफ दिसायचा, आणि बऱ्याच वेळानं तिचा स्वतःचा. भरतीच्या मैदानावरही तसंच झालं म्हणे. पळण्यात आरिफ पुढच्या पोरांत होता. पण डॉक्टरांनी टाचा जुळवून उभं केलं तेव्हा त्याच्या गुडघ्याला गुडघा लागला, आणि त्याला बाजूला काढलं. सुदर्शनचे गुडघे एकमेकांपासून लांब राहिले, तो आत गेला. दोन गुडघ्यांमधल्या चिमूटभर हवेवर एक पोरगं सरकारचं झालं आणि एक हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात बसलं.

आरिफ हा सुलतानबीचा मुलगा. सुलतानबीचं जुन्या रस्त्याला गाद्यांचं दुकान होतं. दिवसभर ती कापसाच्या धुरळ्यात मशीनवर बसलेली असायची, आणि संध्याकाळी तिच्या भुवया म्हाताऱ्या बाईसारख्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. तिचा नवरा महबूब फौजेत ट्रक चालवून पेन्शनीवर घरी आला होता आणि आता टेंपो चालवायचा. रंगुबाईची फुलं पुण्याला जायची ती त्याच टेंपोतून. म्हणजे वाटेत घटणाऱ्या वजनाशी या घराचा संबंध आधीपासून होता. निदान रंगुबाईच्या मनात होता.

सुदर्शनचं नक्की झाल्याचं कळलं त्याच संध्याकाळी सुलतानबी वस्तीवर आली. हात रिकामे. आली ती सरळ ओट्यावर बसली.

"कवा निघायचंय?"

"पुढल्या आठवड्यात," रंगुबाई म्हणाली. "पुण्याला जमायचं, तिथून समद्यांना हैदराबादला नेणार म्हंत्यात."

"मग ऐक. केस इथंच काप त्याचे, बारीक. तिथं मेंढरासारखं भादरतात, पोरांच्या मनाला लागतं. नवं कापड घेऊ नको. लाडू एका दिसाचे दे. डबा भरून दिलास तर दुसऱ्याच्याच पोटात जाईल. आन् पुण्याला जाऊ नका. तिथं गर्दीत पोरगं धड तुमच्याकडं बघत न्हाई, धड साहेबाकडं. दौंडला उभे राहा. गाडी थांबती तिथं."

"तुला लई माहिती."

"मग? सरकारला नवरा दिलाय मी. परत मिळाला तवा त्याचे दात पडाया लागले व्हते."

दगडोबा हसला. रंगुबाई हसली नाही. ती सुलतानबीच्या तोंडाकडे बघत होती. स्वतःचं पोरगं बाहेर काढलं, त्याला आठवडा झाला नाही, आणि ही बाई दुसऱ्याच्या पोराच्या लाडवांचा हिशेब सांगायला आली होती. तिचे डोळे कोरडे होते. आवाज सरळ होता. रंगुबाईला तो जरा जास्तच सरळ वाटला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरची सिंधूबाई ताक मागायला आली.

"सुलतानबी आलती म्हणं काल."

"आलती."

"तिचा राहिला आन् तुझा गेला. तरी पळत आली. काय साखर वाटाया आलती का?"

"मग कशाला आली आसंल?"

"मला काय ठाव बाई. मी आपलं दिसलं ते बोलले."

सिंधूबाई दिसलं तेवढंच बोलायची आणि पुढचं बघायचं काम दुसऱ्यावर सोपवायची. रंगुबाई ते काम मन लावून करायची.

निघायच्या दिवशी रंगुबाईनं सुदर्शनच्या दंडाला काळा दोरा बांधला. कुरकुंभच्या फिरंगाईचा दोरा, देवीच्या पायाला लावून आणलेला. सुलतानबी तिथंच होती. तिनं कमरेच्या पिशवीतून गाद्या शिवायची कात्री काढली, सुदर्शनचा हात धरला आणि कुणी काही म्हणायच्या आत दोरा कापला. मग तो गुंडाळून रंगुबाईच्या तळहातावर ठेवला.

"देवापाशी ठेव. तिथं उतरवतात समदं. कुठं कोपऱ्यात पडंल, कुणाच्या पायाखाली जाईल. त्यापरीस घरात बरा."

बोलणं बरोबर होतं. पण रंगुबाईच्या डोळ्यांपुढं कात्रीच राहिली. आईनं बांधलेलं कापायला हिला एवढी घाई का? सुदर्शन बावळटासारखा हसत होता. त्याच्या दंडावर दोऱ्याचा वळ होता, आणि तो बघता बघता गेला.

सुदर्शन दगडोबाबरोबर पुण्याला गेला. दगडोबा त्याला साहेबांच्या ताब्यात देऊन शटल गाडीनं दौंडला येणार होता. रंगुबाई, ज्ञानेश्वरी आणि सुलतानबी यवतहून दौंडला गेल्या. सुलतानबीला कुणी चल म्हटलं नव्हतं. ती आपणहून बुरखा चढवून स्टेशनावर उभी होती.

गाडी आली. बारीक केस कापलेली पोरं एका डब्याच्या खिडक्यांतून बाहेर बघत होती, सगळी एका आईची असावीत तशी. रंगुबाईला आपलं पोरगं पटकन ओळखू आलं नाही. ती पुढं गेली, मागं आली. सुलतानबीनं मात्र बरोबर बोट केलं. रंगुबाई खिडकीपाशी पोचली. गजांतून हात घालून ती त्याची कॉलर सारखी करत राहिली. शिट्टी झाली, तशी सुलतानबी मध्ये घुसली. तिनं सुदर्शनचा कान धरून खिडकीजवळ ओढला आणि कानात काहीतरी सांगितलं. थोडकं नाही, बरंच. सुदर्शननं मान हलवली, परत हलवली. तो गंभीर झाला होता.

गाडी गेली. दगडोबा भलत्याच डब्याकडे बघून हात हलवत राहिला.

"काय सांगितलंस गं त्याला?" रंगुबाईनं परतीच्या शटलमध्ये विचारलं.

"काही न्हाई. आपलं असंच."

रंगुबाई खिडकीबाहेर बघू लागली. आईला मिळालेल्या त्या घटकाभरातला शेवटचा तुकडा या बाईनं घेतला होता, आणि त्यात काय होतं तेही सांगत नव्हती.

त्यानंतर सुलतानबी रोज दुपारी यायला लागली. दुकानाला अर्धं दार लावून यायची, तोडलेल्या फुलांतली डागी फुलं निवडत बसायची. बोलायची थोडं. "पत्र लवकर येणार न्हाई," ती म्हणाली, आणि पत्र आलं नाही. "येईल तवा त्यात काही नसंल. मी खुशाल हाय, तुम्ही खुशाल राहा, एवढंच. घाबरू नको." पत्र आलं आणि त्यात तेवढंच होतं. "आता रविवारचं फोन करू देतील. मोठ्यानं बोलंल, हिंदीत बोलंल, माघारी उस्ताद उभा आसतो, शिकवणारा."

तिचं एकेक म्हणणं खरं होत गेलं. दगडोबाला याचा धीर वाटायचा. "बघ, समदं ती म्हंती तसंच चाललंय. म्हंजी बरोबर चाललंय." रंगुबाईला नेमकी त्याचीच भीती वाटायची. पुढचं जिला इतकं दिसतं, तिचा त्या पुढच्यात हात किती? असा विचार आला की ती स्वतःलाच दटावायची, आणि मग तो विचार वेशीबाहेर थांबलेल्या पाहुण्यासारखा सावकाश परत यायचा.

स्टँडशेजारी हौसरावचं एसटीडी बूथ होतं. काचेची खोली, आत एक स्टूल. रविवारी दुपारी रंगुबाई तिथं जाऊन बसायची. एका रविवारी फोन वाजला. हौसरावनं हात केला.

"हॅलो. आये?"

"सुदर्शन? जेवतोस का रं?"

"हां. जी. सब ठीक है."

"आरं मी हाय. आये."

"हां आये. ठीक है. खाना ठीक है." तो ओरडत होता. भिंतीला ऐकवावं तसं. मग आवाज एकदम खाली आला, घाईघाईनं म्हणाला, "आये, चाचीला सांग पायाचं बरं हाय. सांग हां," आणि पुन्हा ओरडला, "ठीक है, रखता हूँ."

रंगुबाई रिसिव्हर हातात धरून उभी राहिली. पायाचं बरं हाय. म्हणजे पायाचं काहीतरी होतं. आणि ते चाचीला, म्हणजे सुलतानबीला, माहीत होतं. आईला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुलं निवडताना तिनं अगदी सहज विचारलं, "पायाला काय व्हतं तिथं?"

"पायाला?" सुलतानबीचा हात थांबला. "काही न्हाई. बूट नवे आसतात, फोड येतात पोरांना. का? काही म्हणला का?"

"न्हाई. काही न्हाई म्हणला."

रंगुबाई खोटं बोलली आणि समोरच्या तोंडावर काय उमटतं ते बघत राहिली. सुलतानबीनं एक डागी फूल बाजूला टाकलं. बस, एवढंच. पण हात थांबला होता. तो का थांबला, हे रंगुबाई तीन-चार दिवस उलटंपालटं करून बघत होती. पाय मोडला असेल. चिघळला असेल. पोरानं चाचीला पत्र लिहिलं असेल, आईला सांगू नको म्हणून. नाहीतर चाचीनंच सांगितलं असेल, असं कर, तसं पळ, म्हणजे पाय जाईल आणि तू घरी येशील. कानात बरंच सांगत होती. दोरा कापला तोही हिनंच.

सिंधूबाई म्हणाली, "फौजेतल्या माणसाला घरी बोलवायचं तर एकच वाट आसती. तार. आमच्या मामेभावाला असंच बोलवलं व्हतं."

दगडोबाला विचारायचा प्रश्न नव्हता. चौकात त्याला लोकांनी हार घातला होता, तो वाळलेला हार त्यानं अजून खुंटीला ठेवला होता.

कुरकुंभच्या देवीला जाऊन येते, असं सांगून रंगुबाई सकाळच्या शटलनं दौंडला गेली. यवतच्या पोस्टात सगळे ओळखीचे. दौंडच्या तारऑफिसातल्या कारकुनानं चष्म्यावरून बघितलं.

"काय लिहायचं?"

"पोराला बोलवायचंय. हैदराबादवरनं. फौजेत हाय."

"कोण आजारी आहे?"

हे असं विचारतील हे तिनं धरलंच नव्हतं.

"मावशी, कुणीतरी आजारी असावं लागतं. तेही आई, बाप नाहीतर बायको. काका-मामाला सोडत नाहीत तिथून."

बायको त्याला नव्हती. बापाचं नाव घालायला तिची जीभ वळेना, भरल्या कपाळाची बाई ती. सासूसासरे केव्हाच गेलेले. मरणाच्या दाराशी कुणाला उभं करायचं याची निवड करत ती खिडकीपाशी उभी होती आणि मागचा माणूस खोकत होता.

"आई," ती म्हणाली.

"सिरियस लिहू?"

"व्हय."

"तुम्ही कोण त्याच्या?"

"मावशी," रंगुबाई म्हणाली.

कारकुनानं मान डोलावली, वाईट वाटल्यासारखं केलं आणि लिहिलं: आई सिरियस, ताबडतोब निघ.

ती कुरकुंभला गेलीच नाही. देवीचं नाव सांगून निघालेली बाई देवीच्या रस्त्याला न वळता परत आली. गाडीत बसल्यापासून तिला बरगडीखाली दुखायला लागलं. घरी येऊन ती पाणी प्यायली, तरी दुखणं राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. आता तिला स्वतःच्या अंगाचाच भरवसा वाटेना. चूल फुंकताना चक्कर आली की ती थांबून त्या चकरेकडे बघायची, ही नेहमीची का ती. आपण स्वतःच्या हातानं आपलं नाव कुठल्यातरी वहीत घालून आलोय, आणि ती वही वाचणारा कोण, हे आपल्याला माहीत नाही. सुदर्शन निघाला असेल का, कुठपर्यंत आला असेल, याचा विचार करायचं तिला धाडस होईना. लंगडत येणारा पोरगा तिला डोळ्यांपुढं दिसायचा, आणि आपल्या तिरडीपुढं ज्ञानेश्वरी मडकं धरून चाललेली दिसायची.

सुलतानबी रोज येतच होती. "तोंड उतरलंय तुझं," ती म्हणाली. रंगुबाईला वाटलं, हिला कळलंय. मग वाटलं, हिला बरं वाटतंय.

एका सकाळी रंगुबाई शेवंतीच्या सरीत होती. पदराचा ओचा फुलांनी भरलेला. सुलतानबी वावरातून आडवी येताना दिसली, चपला हातात घेऊन, भुवयांवर कापूस तसाच. ती अशी सकाळची कधी येत नसे.

"तार तू केलीस ना?" जवळ येताच ती म्हणाली. "दौंडवरनं?"

"कसली तार?"

"बाई, माझ्यापाशी येळ न्हाई. दुकानात हवालदार बसलाय. दगडोबाचं घर कुठं म्हणून विचारत आला. फौजेनं विचारलंय इथल्या पोलिसांना, आई खरंच सिरियस हाय का म्हणून. असं विचारतातच ते, खात्री केल्याबिगर सोडत न्हाईत. मी त्याला चहा पाजला आन् लांबची वाट सांगितली. आत्ता यील तो. आन् आई फुलं तोडती हाय."

रंगुबाईच्या हातातली फुलं सुटली नाहीत. तिनं ती आणखी घट्ट धरली.

"ठरव आता," सुलतानबी म्हणाली. "सिरियस हाय म्हणलीस तर पोरगं यील. आलं की त्याची बॅच पुढं जाईल आन् हे मागच्या बॅचमधी पडंल. नव्या पोरांत, पुन्हा पहिल्यापासनं. मन मोडतं पोराचं, कैक जण परत जातच न्हाईत. आन् आजारी नव्हतेच म्हणलीस, तर खोटी तार त्याच्या नावावर लागंल. मग साहेब काय करतील ते त्यांनाच ठाव."

"मग?"

"व्हते म्हण. आता बरी हाय म्हण. दुसरं काही बोलू नको."

रंगुबाई तिच्याकडे बघत राहिली. बरी हाय म्हटलं तर सुदर्शन तिथंच राहणार होता. त्या पायासकट, जो कसा आहे हे फक्त या बाईला माहीत होतं. पोराला तिथं ठेवण्यात हिचा काय फायदा, आणि आणण्यात काय, हे तिनं दोन्ही बाजूंनी बघितलं. दोन्ही बाजूंनी काहीतरी निघत होतं. बांधावर खाकी टोपी दिसायला लागली. आजारी पडायचं असेल तर आत्ता, या सरीतच आडवं व्हायला हवं होतं.

ती उभीच राहिली.

"रंगुबाई कोण? सुदर्शनच्या आई?" हवालदारानं विचारलं. त्याला दम लागला होता.

"मीच."

"सिरियस तुम्हीच का?"

"व्हते," रंगुबाई म्हणाली. "आता बरी हाय."

हवालदारानं तिच्या फुलांनी भरलेल्या ओच्याकडे बघितलं. "काय झालं होतं?"

सुलतानबी पुढं झाली. "ताप. वाचती का न्हाई असं झालं व्हतं. मी उशाशी व्हते."

"डॉक्टर कोण?"

"डॉक्टरनं काय व्हतंय मामा. कुरकुंभच्या देवीला नेऊन आणली तवा उतरला."

हवालदारानं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. त्याला विश्वास बसला नव्हता हे उघड दिसत होतं. पण समोर उभी असलेली बाई जिवंत होती, आणि त्याला तेवढंच लिहायचं होतं. "आता ठीक, असं कळवतो," तो म्हणाला. जाताना चौकीतल्या देवाच्या फोटोला म्हणून त्यानं थोडी शेवंती मागून घेतली.

तो दिसेनासा झाल्यावर दोघी बांधावर बसल्या.

"विचार आता," सुलतानबी म्हणाली. "दौंडापासनं तोंडात धरून बसलीस."

"त्याच्या कानात काय सांगितलंस?"

"मोजे उलटे घाल म्हणले. शिवण बाहेर राहिली की बोटाला फोड येत न्हाई. मालकाला त्यांच्या उस्तादानं शिकवलेलं. मोठ्यानं सांगितलं असतं तर बाकीच्या पोरांनी त्याला हसून हसून मारलं असतं."

"एवढंच?"

"आन् रात्रीचे धुऊन उशाखाली ठेवू नको, चोरतात, असं. एवढंच."

रंगुबाईनं ते मनात फिरवून बघितलं. पायाचं बरं हाय. मोजे. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. अजून एक उरलं होतं, आणि ते सगळ्यांच्या तळाशी होतं.

"तुझा आरिफ राहिला," ती म्हणाली. "माझा गेला. तरी तू रोज येतीस. का?"

सुलतानबी पायाची माती चपलेनं खरवडत होती. "तुला वाटतं मी वाईट चिंतते."

रंगुबाईनं ओच्यातली फुलं सारखी केली.

"चिंतते," सुलतानबी म्हणाली. "दुकानात एकटी आसते. दुपारचा आरिफ जेवाया येतो, कोपरापतोर काळे हात. तवा येतं मनात. वाटतं, तुझाबी यावा परत. ट्रंक घेऊन उतरावा स्टँडवर, आन् बसावं दोघांनी पंक्चर काढत. मी काय आणत न्हाई, आपोआप येतं. मग मी उठते, दार लोटते आन् इकडं येते. हितं तुझ्यासमोर बसलं, तुझं हे तोंड बघितलं, की न्हाई येत."

"आज पण आलं?"

"आज तर लई आलं. हवालदार म्हणला, बाई सिरियस हाय का. मला नुसतं व्हय म्हणायचं व्हतं. तार तुझी, पोरगं तुझं, माझ्या माथी काही येत नव्हतं. चहा दोनदा पाजला त्याला, तरी माझं ठरंना. मग चपला काढल्या आन् पळत सुटले."

वारा नव्हता. शेवंतीवरचं दव उन्हात उडत होतं. रंगुबाईला राग यायला हवा होता. जे ती इतके दिवस एकटीच म्हणत होती, ते खरं निघालं होतं, समोरच्या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. पण राग शोधला तरी सापडेना. उलट छातीवरून काहीतरी खाली ठेवल्यासारखं झालं. लोक आजवर तिच्याशी जे बोलत आले त्यात नेहमी काहीतरी राखलेलं असायचं. या बाईनं काही राखलं नव्हतं.

"दुपारी येणार का?" तिनं विचारलं.

"यावं लागंल," सुलतानबी म्हणाली. "न आलेलं तुला परवडणार न्हाई."

रविवारी दोघी बरोबरच बूथवर गेल्या. हौसरावनं स्टूल पुसून दिलं. फोन वाजला तो बऱ्याच उशिरा.

"आये?" या वेळी तो ओरडत नव्हता. मागं उस्ताद नसावा. "बरी हायेस का?"

"बरी हाय. तू?"

"मी ट्रंक बांधून बसलो व्हतो. साहेबांनी बोलवलं, म्हणले मां सीरियस है. मग दोन दिस काहीच सांगितलं न्हाई. मला झोप न्हाई, जेवण न्हाई. मग म्हणले, ठीक है अब, ट्रेनिंग करो." पलीकडं कुणीतरी कवायतीचे आकडे मोजत होतं. "आये, तू खरंच आजारी व्हतीस का?"

त्याच्या आवाजात जे होतं ते तिला लगेच ओळखू आलं. ते तिचंच होतं. पोरानं डोळे तिच्यासारखे घेतले नव्हते, रंग घेतला नव्हता, आणि हे बरोबर उचललं होतं.

"व्हते," ती म्हणाली. "आता बरी हाय."

पलीकडं आकडे मोजणं चालूच होतं. तिला समजलं की हे पोराला पुरलं नाही. आता तो रोज परेडला जाताना हेच घेऊन जाणार. आईनं खोटी तार केली, म्हणजे घरी काहीतरी लपवतायत. नाहीतर आई खरंच आजारी आहे आणि तेच लपवतायत. असं पोरगं तिथं टिकत नाही, हे सांगायला सुलतानबीची गरज नव्हती.

"चाची हाय का तिथं?" सुदर्शन म्हणाला. "तिला दे जरा."

काचेपलीकडं सुलतानबी हौसरावच्या टेबलाला टेकून उभी होती. तिच्या मागं रस्त्यापलीकडं पंक्चरचं दुकान होतं, आणि आरिफ ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. सुलतानबीनं एक शब्द खरा सांगितला तरी पुरेसं होतं. तुझ्या आईनं खोटं केलं बाबा, तिला करमत न्हाई. पोरगं तिकडं आतून खचलं असतं आणि कुणालाही कळलं नसतं कशानं.

रंगुबाईनं दार उघडलं आणि रिसिव्हर पुढं केला.

"तुला मागतोय."

सुलतानबीनं तिच्याकडे बघितलं. "तू थांब की हितंच. ऐक."

"न्हाई. तू बोल."

ती बाहेर आली आणि दार लोटून घेतलं. काच जाड नव्हती. ऐकायचं म्हटलं असतं तर सगळं ऐकू आलं असतं. आत सुलतानबी काहीतरी म्हणाली, मग हसली. कशाला हसली? रंगुबाईचे कान आपोआप तिकडं वळले. ती तशीच पायऱ्या उतरली आणि रस्त्याच्या कडेनं सोलापूरकडच्या बाजूला चालायला लागली. ट्रक जवळून घोंघावत जात होते. मागून काही ऐकू येणार नाही इतकी लांब गेल्यावर ती एका दगडावर बसली, आणि सुलतानबीचं बोलणं संपायची वाट बघू लागली.